अपघात म्हणण्याआधी

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरून चाललेल्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघांचाही जीव गेला. गाडी चालवत असल्याचा आरोप ज्याच्यावर होता, त्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. त्या ३०० च्या आकड्यावर महाराष्ट्र पेटून उठला, आणि ते योग्यच होते. पण निबंधाचा विषय काय दिला होता, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. विषय होता रस्ते अपघात आणि त्यांवरचे उपाय. पंचनाम्याची शाई वाळायच्या आत घडलेल्या गोष्टीला नाव देऊन झाले होते.

त्यानंतर जो वाद पेटला तो अशा प्रत्येक घटनेनंतर पेटतो आणि दरवेळी त्याच दोन खुंट्यांना बांधलेला असतो. एक बाजू म्हणते, ‘हा अपघात नव्हे, खून आहे.’ दुसरी म्हणते, ‘वाईट झाले, पण शेवटी अपघातच ना, कुणी मुद्दाम थोडेच करतो?’ इंग्रजीत हाच वाद जरा वेगळ्या रूपात बरीच वर्षे चालू आहे. ‘ॲक्सिडेंट’ म्हणू नका, ‘क्रॅश’ म्हणा, अशी मोहीम अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने १९९७ मध्ये चालवली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये आपल्या पानांवर हा शब्द वापरायला बंदी घातली. असोसिएटेड प्रेसने २०१६ मध्ये आपल्या बातमीदारांना सांगितले की कुणाच्या निष्काळजीपणाचा आरोप असेल किंवा तो सिद्ध झाला असेल, तर हा शब्द टाळा. विरोधक म्हणाले, शब्द बदलून रस्ते सुधारत नाहीत, हा भाषेचा सोवळेपणा आहे. दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात. तरीही मूळ गाठ तशीच राहते.

माझे म्हणणे असे आहे. ‘ॲक्सिडेंट’ या शब्दात दोन वेगवेगळे अर्थ एकत्र राहतात: ‘मुद्दाम केलेले नाही’ आणि ‘टाळता आले नसते’. पहिला अर्थ बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा क्वचितच असतो. पण शब्द एकच असल्यामुळे पहिला मान्य केला की दुसरा न विचारता आत येतो. शब्दावर बंदी घालून हे थांबणार नाही आणि प्रत्येक धडकेला खून म्हणूनही थांबणार नाही. थांबेल ते एकाच गोष्टीने. घटना काय घडली हे आधी साध्या क्रियापदांत सांगायचे आणि ‘अपघात’ हा शब्द चौकशी झाल्यानंतर, तिचा निष्कर्ष म्हणून वापरायचा.

हे म्हणताना मला आपल्या भाषेचा आधार वाटतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले ‘पडणे’ हे क्रियापद आहे. वरून काही तरी येऊन पडले, कोसळले, असा त्याचा भाव. पडणाऱ्या गोष्टीला कर्ता नसतो. आपल्या ‘अपघात’मध्ये मात्र ‘घात’ आहे, आणि घात ‘हन्’ म्हणजे मारणे या धातूतून आलेला आहे. घातपात, विश्वासघात, आत्मघात हे सगळे त्याचेच नातेवाईक. यांतला एकही शब्द कर्त्याशिवाय उभा राहत नाही. विश्वासघात आपोआप होत नसतो. म्हणजे आपल्या शब्दात आघात होता. इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून तो वापरता वापरता आपण त्यातला आघात काढून टाकला आणि ‘काळाने घाला घातला’ एवढाच अर्थ उरू दिला. त्याहून बोलका शब्द पोलीस ठाण्यात आहे: ‘अकस्मात मृत्यूची नोंद’. ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे. अकस्मात म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही असा. ज्या नोंदीपासून चौकशी सुरू व्हायची, तिच्या नावातच कारण नसल्याचे लिहून ठेवले आहे.

आणि तरीही आपल्या रोजच्या बोलण्यात या पेचावरचा उपाय पूर्वीपासून आहे. घरात कप फुटला तर मराठीत तीन प्रकारे सांगता येते. ‘कप फुटला.’ ‘मी कप फोडला.’ आणि ‘माझ्या हातून कप फुटला.’ हे तिसरे वाक्य मला फार मोलाचे वाटते. त्यात हेतू नाकारलेला आहे, पण हात नाकारलेला नाही. मी मुद्दाम केले नाही, पण झाले ते माझ्या हातून झाले. आता काचा मी गोळा करतो. इंग्रजीतले मूल ‘इट वॉज ॲन ॲक्सिडेंट’ म्हणते तेव्हा हेतूबरोबर हातही गायब होतो. आपल्याकडे रस्त्यावरची माणसे अजूनही हा फरक नेमका जाणतात. ज्याला लागले त्याचा ‘ॲक्सिडेंट झाला’, ज्याने ठोकले त्याने ‘ॲक्सिडेंट केला’, आणि ज्याला आपली चूक टोचते आहे तो म्हणतो ‘माझ्या हातून ॲक्सिडेंट झाला’. उसना शब्दसुद्धा मराठी व्याकरणात बसल्यावर प्रामाणिक होतो. बातमीच्या मथळ्यात मात्र फक्त ‘झाला’ उरतो.

कायदाही, नीट वाचला तर, ‘हातून’च्याच बाजूचा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ८० वे कलम अपघाताचा बचाव देत असे. तेच आता भारतीय न्याय संहितेत १८ वे कलम म्हणून आले आहे. हा बचाव मिळण्यासाठी अटी कोणत्या? कृत्य कायदेशीर हवे, कायदेशीर रीतीने आणि कायदेशीर साधनांनी केलेले हवे, गुन्हेगारी हेतू वा जाणीव नको, आणि शेवटची अट अशी की योग्य ती काळजी आणि दक्षता घेतलेली हवी. कलमाखाली उदाहरणही दिले आहे. एक माणूस कुऱ्हाडीने काम करतो आहे, कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागून तो मरतो. काम करणाऱ्याने काळजी घेण्यात कसूर केली नसेल, तर त्याचे कृत्य क्षम्य. सगळा भार त्या ‘नसेल तर’वर आहे. कायद्याच्या लेखी अपघात ही सवलत आहे आणि ती कमवावी लागते. दांडा सैल आहे का, पाचर ठोकलेली आहे का, शेजारी कोणी उभे आहे का, हे पाहिले होते असे दिसले तरच तो शब्द मिळतो. आपण तो घटनास्थळी, पहिल्या तासाला, सगळ्यांना फुकट वाटतो.

आता विरोधी बाजूचे ऐकू. त्यांचे सर्वांत वजनदार म्हणणे भाषेबद्दल नाही, भरपाईबद्दल आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला तेव्हा ‘अपघात’ हाच शब्द कामगाराच्या उपयोगी पडला. यंत्रात हात गेला तर मालकाचा दोष सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांपुढे आजही हजारो घरांचे पोट याच शब्दावर अवलंबून आहे. जो शब्द दोष न शोधता मदत देतो तो वाईट कसा? हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. विधवेला पैसे मिळण्यासाठी आधी कुणाला तरी गुन्हेगार ठरवावे लागू नये. पण यातून एवढेच सिद्ध होते की भरपाईच्या दालनात हा शब्द उपकारक आहे. पैसे दिले की ‘कशामुळे’ हा प्रश्न मिटतो, असे त्या कायद्यांनी कुठे म्हटले आहे? आपल्याकडे १८५५ चा एक प्राणघातक अपघात कायदा अजून पुस्तकात आहे. नावात अपघात आहे, पण आत उघडून पाहिले तर तो बोलतो दुसऱ्याच्या गैरकृत्याने, हयगयीने किंवा कसुरीने झालेल्या मृत्यूबद्दल. ज्यांनी तो लिहिला त्यांना ‘अपघात’ आणि ‘कसूर’ एकाच वाक्यात नांदवताना अडचण वाटली नाही. ती आपल्याला वाटू लागली आहे.

दुसरे म्हणणे विमानांचे आहे, आणि तेही सहज उडवून लावण्यासारखे नाही. विमान वाहतुकीचे जग बिनदिक्कत ‘ॲक्सिडेंट’ म्हणते. आपल्याकडच्या तपास यंत्रणेचे नावच विमान अपघात अन्वेषण ब्युरो आहे. आंतरराष्ट्रीय नियम तर स्पष्ट सांगतात की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वा जबाबदारी ठरवणे हा नाही. आणि विमानप्रवास रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. मग शब्दात दोष कुठे राहिला? याचे उत्तर त्याच उदाहरणात आहे. विमानाच्या जगात हा शब्द उच्चारला की काम सुरू होते. ब्लॅक बॉक्स शोधला जातो, तुकडे जमवले जातात, महिनोन्‌महिने अहवाल लिहिला जातो, त्यातल्या शिफारशी जगभर जातात. रस्त्यावर तोच शब्द उच्चारला की क्रेन येते, गाडी बाजूला होते, वाहतूक सुरळीत होते आणि काम संपते. एकाच शब्दाने एकीकडे फाइल उघडते आणि दुसरीकडे बंद होते. मला रस्त्यासाठी विमानातला अर्थ हवा आहे.

तिसरे म्हणणे मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. आपल्याकडे धडक झाली की जमाव जमतो आणि चालकाला मारतो. ‘अपघात’ या शब्दात एक थंडावा आहे, तोही काढून घेतला तर उद्या प्रत्येक ड्रायव्हर खुनी ठरेल. ही भीती काल्पनिक नाही. नव्या संहितेत धडक देऊन पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा मारतो, हे चालकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण जमाव का मारतो? पुढे काही होणार नाही, अशी त्याची खात्री असते म्हणून. ती खात्री कुठून आली? ‘अपघात’ म्हणून मिटवलेल्या असंख्य प्रकरणांतून. शब्दाचा थंडावा चालकाला वाचवत नाही. चौकशीवरचा विश्वास असता तर त्याने वाचवले असते.

शिवाय ‘अपघात म्हणू नका’ याचा अर्थ ‘चालकाला धरा’ असा लावणे ही दोन्ही बाजूंची सारखीच चूक आहे. इथे १८४१ सालच्या इंग्लंडकडे पाहावेसे वाटते. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी, पहाटेच्या अंधारात, सॉनिंग इथल्या खोदलेल्या खिंडीत पावसाने दरड रुळावर आली आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेची मालगाडी तिच्यावर आदळली. इंजिन आणि मालाचे डबे यांच्यामध्ये तिसऱ्या वर्गाच्या उघड्या, कमी उंचीच्या वाघिणी होत्या. त्यांत कष्टकरी माणसे बसलेली. आठ जण जागीच गेले. त्या काळी इंग्लंडात एक फार जुनी प्रथा होती. ज्या वस्तूमुळे माणूस मेला, ती वस्तू किंवा तिची किंमत राजाला जप्त करता येई. पंचांनी त्या इंजिनावर १००० पौंडांचा भार ठेवला. इंजिनाला दोषी धरणे आज विचित्र वाटेल, पण त्या पंचांना एक गोष्ट दिसली होती. दरड खरोखर अकस्मात आली असेल. माणसांना उघड्या वाघिणीत, मालाच्या पुढ्यात बसवणे अकस्मात नव्हते. तो कुणीतरी खर्चाचा हिशोब मांडून घेतलेला निर्णय होता. १८४४ च्या कायद्याने तिसऱ्या वर्गाला छप्पर आणि बाके सक्तीची केली. ती दरडीला दोष देऊन मिळाली नसती.

हे वाचताना मला ३० जून आणि १ जुलै २०२३ च्या मधली रात्र आठवते. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसे जळून गेली. पुढचे कित्येक दिवस आपण एकाच प्रश्नावर भांडलो: टायर फुटला की चालकाला डुलकी लागली? प्रश्न महत्त्वाचा होता. पण बस दाराच्या बाजूवर उलटली होती, दार खाली दबले होते, आणि जे आठ जण वाचले ते खिडक्या फोडून बाहेर पडले. धडक कशामुळे झाली, या प्रश्नापेक्षा माणसे कशामुळे मेली हा प्रश्न वेगळा आहे. दुसरे दार, फोडता येणारी काच, आत ठेवलेली हातोडी, लवकर न पेटणारे सामान, रात्री बस चालवणाऱ्याच्या विश्रांतीचे तास, सरळ रस्त्यावर येणारी गुंगी, हे सगळे दुसऱ्या प्रश्नात येते. आणि हे सगळे बस निघण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. त्यात चालक हा एकच हात आहे, आणि बहुधा सगळ्यांत कमकुवत.

आपल्या सरकारी तक्त्यांनाही बाकीचे हात दिसत नाहीत. २०२३ साली देशात रस्त्यांवर १,७२,८९० माणसे मेली, म्हणजे दिवसाला ४७० हून जास्त. यांतले दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या एका रकान्यात जातात. पण त्या रस्त्यावर वेग सहज वाढावा अशी रुंदी कुणी आखली, वस्तीतून जाणाऱ्या महामार्गाला पदपथ का नाही, दुभाजक मध्येच का तुटला आहे, उभ्या ट्रकला मागे परावर्तक का नाही, याला त्याच तक्त्यात रकाना नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रस्ता बांधणाऱ्यांची आणि देखभाल करणाऱ्यांची जबाबदारी पहिल्यांदा लिहिली गेली, पण दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये. एवढी रक्कम कुठल्या ठेकेदाराची झोप उडवते?

‘टाळता आले नसते’ हा अर्थ किती खोटा आहे याचा पुरावा आपल्या घाटातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली. त्यानंतर एक स्वयंसेवी संस्था, रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि एक उद्योगसमूह यांनी मिळून प्रत्येक मृत्यूच्या जागेचा माग काढला. कठडे दुरुस्त केले, उघडे कोपरे झाकले, वेगावर नजर ठेवली, जखमींपर्यंत पोहोचायचा वेळ कमी केला. काही वर्षांत वार्षिक मृत्यू निम्म्याहून खाली आले. घाट तोच, धुके तेच, माणसेही आपलीच. जे वाचले त्यांची नावे कुणाला कधीच कळणार नाहीत, पण ते आहेत.

शब्द सैल ठेवण्याची सगळ्यांत मोठी किंमत आपण भोपाळला मोजली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला तेव्हा शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. हजारो माणसे मेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप खाली आणून दंड संहितेच्या कलम ३०४ अ वर ठेवला, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, जे कलम तेव्हा रस्त्यावरच्या ट्रकचालकाला लागत असे तेच. २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. ‘हेतू नव्हता’ आणि ‘फार काही करता आले नसते’ यांतली सीमारेषा पुसली की एक शहर आणि एक दुचाकी एकाच कलमात मावतात.

एक म्हणणे राहिले, शोकाचे. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला ‘वेळ आली होती’ म्हटल्याने झोप लागत असेल, तर ते काढून घेण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तो मागतही नाही. घरात कुणी काय म्हणावे याबद्दल हा लेख नाही. वृत्तपत्राने, पोलिसांच्या पहिल्या पत्रकाने आणि मंत्र्याच्या शोकसंदेशाने काय म्हणावे याबद्दल आहे. शब्दरचनेने फरक पडतो, हे २०१९ मध्ये अमेरिकेत तपासले गेले. पादचाऱ्याला गाडीने धडक दिल्याची एकच बातमी वेगवेगळ्या रीतीने लिहून वाचकांना दिली. वाक्याचा रोख पादचाऱ्यावरून चालकाकडे वळवला तेव्हा मृतालाच दोष देणारे कमी झाले. आणि ही घटना एकटी नाही, अशा अनेक घटना घडत आहेत, अशी चौकट दिली तेव्हा रस्ता सुधारा म्हणणारे वाढले.

उपसंपादक म्हणतील, मथळ्यात जागा नसते, ‘अपघात’ हा चार अक्षरांत मावणारा सोयीचा शब्द आहे. पण ‘धडक’ तीन अक्षरांतच बसतो, आणि त्याला कुणी कुणाला हे सांगावेच लागते. कल्याणीनगरची बातमी पहिल्या दिवशी अशीही लिहिता आली असती: ‘पक्की नोंदणी न झालेल्या भरधाव पोर्शेची दुचाकीला धडक, दोघे ठार, चालक अल्पवयीन असल्याचा पोलिसांचा आरोप.’ या वाक्यात खून नाही आणि अपघातही नाही. चावी कुणी दिली, नोंदणीवाचून गाडी रस्त्यावर कशी आली, त्या वयाच्या मुलाला रात्री दारू मिळाल्याचे म्हटले जाते ते खरे का, त्या रस्त्यावर त्या वेळी वेग कोण पाहत होते, हे सगळे विचारायला त्यात जागा आहे.